उजव्या खिशातली चिठ्ठी

आमदार अर्जुनरावांना अख्खा मतदारसंघ भाऊ म्हणतो, आणि भाऊंना अख्ख्या मतदारसंघाची नावं पाठ आहेत अशी त्यांची ख्याती आहे. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा पोरगा बारावीला अडकला, कुणाची बैलजोडी शर्यतीत पहिली आली, भाऊ भर मांडवात नाव घेऊन विचारतात आणि समोरचा माणूस तिथल्या तिथे विरघळतो. ही ख्याती साफ खोटी आहे. भाऊंना स्वतःच्या धाकट्या साडूचं नाव ऐन वेळी आठवत नाही. पाठ असतं ते समाधानला.

समाधान म्हणजे भाऊंचा पीए. वय अठ्ठेचाळीस, अंगाने किरकोळ, कानाला फोन आणि खांद्याला काळी पिशवी. त्याचे वडील अण्णासाहेब पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं मशीनपुढे उभे होते, आणि पोराने बसून काम करावं एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यभर धरली. पोरगा बी.कॉम. झाला, मराठी-इंग्रजी टायपिंग शिकला आणि एका आमदाराच्या कार्यालयात खुर्चीवर जाऊन बसला. आमदाराच्या पीएला बसायला मिळतं, हा अण्णासाहेबांचा गैरसमज होता, पण तो त्यांच्या हयातीत कुणी दूर केला नाही. पुढे तो आमदार पडला. ज्याने त्याला पाडलं त्याने समाधानला ठेवून घेतलं. मग भाऊंनी त्यालाही पाडलं आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कार्यालयातल्या खुर्च्या, पडदे, फोटो सगळं बदला, हा माणूस मात्र आहे तिथे राहू द्या. दोन आमदार पडले, समाधान एकदाही पडला नाही, असं चाकणच्या बाजारात हसून सांगतात. यातच आता बावीस वर्षं गेली.

त्याची सगळी कारागिरी चिठ्ठीत होती. तळहाताएवढा कागद. त्यावर माणसाचं नाव, वय, गाव, घरात कोण कोण, आणि सगळ्यात खाली एक ओळ, भाऊंनी काय बोलावे किंवा काय बोलू नये याची. ‘थोरले जावई नाराज आहेत, आधी त्यांना नमस्कार.’ ‘धाकट्या भावाशी कोर्टात केस चालू, बोलू नये.’ भाऊंच्या जॅकेटच्या डाव्या खिशात सुखाच्या चिठ्ठ्या जायच्या, म्हणजे लग्न, बारसं, जिमचं उद्घाटन. उजव्या खिशात दुःखाच्या. आणि विधानसभेचा कागद आतल्या खिशात, छातीपाशी. गाडीतून उतरता उतरता भाऊ नुसतं विचारायचे, ‘डावा का उजवा?’ आणि त्याप्रमाणे चेहरा करून उतरायचे. गेल्या सहा वर्षांत खिसा एकदाही चुकला नव्हता. समाधानची बायको भाग्यश्री म्हणायची, माझ्या नावाची पण एक चिठ्ठी करून ठेवा, म्हणजे लग्नाचा वाढदिवस तरी ध्यानात राहील. समाधान हसून विषय बदलायचा, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तर त्या मार्चमधल्या आठवड्याची गोष्ट. रविवारी चौदा लग्नं होती. चौदा म्हणजे काही फार नाही, तिथी बरी असली की वीस-बावीस होतात. भाऊंनी तेरा ठिकाणी अक्षता टाकल्या, अकरा ठिकाणी भाषण केलं, आणि एके ठिकाणी नवरदेव वरातीत नाचत असल्यामुळे नुसत्या नवरीलाच आशीर्वाद देऊन पुढे गेले. जेवण मात्र एकाही ठिकाणी नाही. रात्री घरी येऊन पिठलं-भाकरी. लोकांना वाटतं आमदार रोज श्रीखंड खातो. आमदाराच्या नशिबी ताटाभोवतीची रांगोळी बघणं असतं, बाकी काही नाही.

सोमवार-मंगळवार मुंबईत. अधिवेशन चालू होतं. सोमवारी दुपारी सभागृहाने तीन विधेयकं मंजूर केली, आणि समाधानने ती वरच्या गॅलरीत बसून पाहिली. तिसरं विधेयक मांडलं तेव्हा त्याला शिंक आली, नाक पुसून होते न होते तोच ‘होय’चं बहुमत झालेलं होतं. बावीस वर्षांत त्याला यातलं सगळं माहीत झालं होतं. कायदा करायला सभागृहाला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कुरुळी फाट्यावर एक सिग्नल बसवायला.

आता हे कुरुळी फाट्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण समाधानच्या त्या आठवड्याचा सगळा जीव त्यात अडकलेला होता.

कुरुळी फाट्यावर तानुबाईची चहाची टपरी होती. तानुबाई मूळची लातूरकडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर आली, नवरा गेला, ती राहिली. मुलगा कंपनीत कंत्राटी कामगार, सून कस्तुरा टपरीवर हाताखाली, दोन नाती शाळेत. रस्त्याच्या एका अंगाला कामगारांच्या खोल्या आणि दुसऱ्या अंगाला कंपनीच्या बस थांबायच्या. मधून कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, अष्टौप्रहर. शिफ्ट सुटली की शे-दीडशे माणसं जीव मुठीत धरून पळत सुटायची. तानुबाई पळायची नाही. ती हात वर करून सरळ रस्त्यात उभी राहायची आणि ट्रेलर थांबला की ड्रायव्हरला चार शब्द सुनावून बायांना पलीकडे काढायची. अडुसष्टाव्या वर्षी हे तिने स्वतःच्या अंगावर घेतलेलं काम होतं. त्याचा तिला कंटाळा आला तेव्हा ती एका सोमवारी जनता दरबारात येऊन उभी राहिली. श्रावण होता. सोबत अर्ज, अर्जाखाली सत्तर-ऐंशी कामगारांच्या सह्या. तिने समाधानला सांगितलं की मी काही जन्मभर सिग्नलचं काम करणार नाही, तुम्ही तो खांब बसवा आणि मला मोकळं करा.

समाधानने अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक चारशे सतरा टाकला आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘होऊन जाईल, मावशी.’ हे वाक्य तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. त्यात खोटेपणा नव्हता, सवय होती. मग त्याने संबंधित खात्याला पत्र धाडलं. खात्याचं उत्तर आलं की कार्यवाही सुरू आहे. त्याने त्या उत्तराला दोन भोकं पाडली आणि ते फायलीत लावलं. झालं. फाईल कपाटात गेली आणि तानुबाई फाट्यावर हात वर करून उभी राहतच राहिली.

आदल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी, पहिल्या शिफ्टच्या गर्दीत, ती पलीकडून पाण्याचा कॅन घेऊन येत होती. एक पिकअप थांबली नाही.

निरोप मोबाइलवर आला तेव्हा समाधान कार्यालयात एकटाच होता. नाव वाचल्यावर त्याला फायलीचा नंबर शोधावा लागला नाही. त्याने कपाट उघडलं, चारशे सतरा काढली आणि ते दोन भोकांचं उत्तर किती तरी वेळ बघत बसला. यात आपला काही दोष नाही असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं, ते जमलं नाही. मग त्याने एका बैठकीत लक्षवेधी सूचना लिहून काढली. लक्षवेधी म्हणजे आमदाराने एखाद्या तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधायचं आणि मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं. अशा शेकड्यांनी सूचना जातात, कामकाजाच्या यादीत लागतात थोड्या. आणि लागलेल्या दिवशी नाव पुकारल्यावर आमदार जागेवर नसला तर ती गेलीच समजायची. भाऊंनी सूचनेवर सही केली. अर्जाचं मात्र समाधानने त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगतो सांगतो म्हणत राहून गेलं, असं तो स्वतःशी म्हणाला. खरं तर त्याची छाती झाली नव्हती.

मुंबईतल्या त्या मंगळवारी संध्याकाळी यादी लागली. लक्षवेधी आली होती, गुरुवारी, पाचवा क्रमांक. समाधानला आनंद झाला, पण क्षणभरच, कारण गुरुवारी सकाळीच तानुबाईचा दशक्रिया विधी होता.

बाहेरच्या माणसाला यातली गोम कळणार नाही. आमच्या भागात आमदार एक वेळ लग्न चुकवेल, दशक्रिया चुकवणार नाही. लग्नातला राग दोन महिन्यांत जातो, घाटावरचा निवडणुकीपर्यंत टिकतो. तानुबाई तर हजार कामगारांना चहा पाजणारी बाई. तिच्या दहाव्याला न जाणं म्हणजे फाट्यावरच्या सगळ्या मतांना आपल्या हाताने पाणी सोडणं. त्यामुळे ठरलं असं की सात वाजता घाट, साडेआठला निघायचं, बाराच्या आत विधानभवन. बुधवारी रात्री समाधानने चिठ्ठी लिहिली. वरती नाव, वय, घरची माणसं. आणि खाली, जड हाताने, ती शेवटची ओळ. घाटावर कुणी अर्जाचा विषय काढलाच तर भाऊ बेसावध सापडू नयेत, एवढा त्याचा हेतू होता.

गुरुवारी कावळ्याने मात्र लवकर कृपा केली. पिंड ठेवल्याबरोबर शिवून, खाऊन, पलीकडच्या बाभळीवर जाऊन तो चोच पुसत बसला. अडचण कावळ्याची नव्हतीच, वक्त्यांची होती. सहा पुढारी आले होते आणि सहाही जणांना श्रद्धांजली वाहायची होती. एक माजी सरपंच तर तानुबाईवरून सुरू होऊन स्वतःच्या काळातल्या पाणीयोजनेवर पोचले आणि तिथून परत यायला त्यांना वाट सापडेना. भाऊंची पाळी आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. भाऊंनी त्या दिवशी खिशात हातच घातला नाही. तानुबाईला ते ओळखत होते. निवडणुकीत तिने त्यांना चहा पाजला होता आणि साखर कमी का म्हणून विचारल्यावर मतं मिळाल्यावर वाढवीन म्हणाली होती. भाऊंनी ते सांगितलं, लोक रडता रडता हसले, आणि भाऊ दोन मिनिटांत खाली बसले. समाधानला त्या दोन मिनिटांचं फार बरं वाटलं.

पण घाट सोडताना एक कार्यकर्ता गळ्यात पडून हुंदके देऊ लागला आणि त्याच्या हातातला चहा भाऊंच्या जॅकेटवर सांडला. गाडीत दुसरं जॅकेट होतं, संध्याकाळच्या लग्नासाठी शिवलेलं, कोरं. गाडी चालू असतानाच भाऊंनी ते चढवलं आणि समाधानने खिसे बदलले. डाव्यातल्या डाव्यात, उजव्यातल्या उजव्यात. आतला कागद घालायला गेला तर नव्या शिंप्याने आत खिसाच ठेवला नव्हता. समाधानने कागद मांडीवर ठेवला, म्हटलं उतरताना हातातच देऊ. तेवढ्यात फोन आला. मग तळेगावच्या रस्त्याला कंटेनरांची रांग आली, मग डोंगरातल्या घाटात ट्रक बंद पडला होता, आणि ड्रायव्हर ज्योतीराम बाराच्या आत कसं पोचायचं म्हणून दर दहा मिनिटांनी एकदा देवाचं आणि एकदा सरकारचं नाव घेत राहिला.

बारा वाजून चार मिनिटांनी गाडी विधानभवनाच्या दाराशी लागली. भाऊ उतरून चालत नाही, पळतच आत गेले. समाधान मागच्या दाराने गॅलरीकडे धावला. मोबाइल बाहेर जमा करायचा म्हणून त्याने तो खिशातून काढला, तर त्यावर ज्योतीरामने एक फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘साहेब हा कागद सीटवर राहिला, लागतो का?’

तो विधानसभेचा कागद होता. त्या कागदावर सगळं होतं, दोन वर्षांतले अपघात, तारखा, खात्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचे क्रमांक. गाडी लांब लावायला गेली होती. आणि आतून त्याला स्पष्ट ऐकू आलं, अध्यक्षांनी पाचवा क्रमांक पुकारला होता. तो गॅलरीत जाऊन बसला तेव्हा खाली भाऊ उभे होते, धापा टाकत.

मंत्र्यांचं छापील निवेदन आधीच वाटलेलं होतं. मंत्र्यांनी त्यातला शेवटचा परिच्छेद तेवढा वाचला. सदर ठिकाणाची पाहणी करण्यात आली आहे, वाहतूक सुरळीत आहे, आणि मागील वर्षभरात तेथे जीवितहानी झाल्याचे आढळून येत नाही. सबब सिग्नलची आवश्यकता तूर्त दिसत नाही.

भाऊंनी छातीपाशी हात नेला. तिथे खिसा नव्हता. डाव्या खिशात हात घातला, लग्नाची चिठ्ठी होती, ती परत ठेवली. समाधान वर बसून स्वतःचा गुडघा दाबत होता. मग भाऊंचा हात उजव्या खिशात गेला. त्यांनी कागद काढला, चष्मा वर केला आणि नेहमीसारखं, वरून खाली, वाचायला सुरुवात केली.

‘अध्यक्ष महोदय. कैलासवासी तानुबाई. वय अडुसष्ट. राहणार कुरुळी फाटा. चहाची टपरी. पश्चात एक मुलगा, सून कस्तुरा, दोन नाती. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी रस्ता ओलांडताना वाहनाची धडक, जागीच मृत्यू. आज दशक्रिया.’

मागच्या बाकावर दोघे-तिघे गप्पा मारत होते, ते थांबले. मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. भाऊंची नजर चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर आली होती. समाधानला ती ओळ अक्षरन्‌अक्षर माहीत होती, आणि आता भाऊंनी कागद घडी करावा म्हणून तो मनातल्या मनात अक्षरशः हात जोडत होता. भाऊंनी घडी केली नाही. त्यांचा आवाज हळू झाला, पण थांबला नाही.

‘यांचा सिग्नलचा अर्ज श्रावणात आपल्याकडे आला होता. आवक क्रमांक चारशे सतरा. खात्याचे उत्तर आले ते फायलीला लावले, पुढे काही झाले नाही.’

त्यापुढे ‘बोलू नये’ असे दोन शब्द होते. तेवढे भाऊंनी वाचले नाहीत. ते जरा वेळ गप्प राहिले. आमदार सभागृहात गप्प उभा राहिला की लोकांना काही तरी बिघडलंय असं वाटतं. मग ते म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, आपल्याकडे म्हणजे माझ्या कार्यालयात. अर्ज माझ्याकडे सात महिने पडून होता. खात्याने उत्तर पाठवलं आणि आम्ही ते फायलीला लावलं. मंत्रिमहोदयांच्या निवेदनात बाई मेलेलीच नाही. माझ्या खिशात ती आहे. मी आजच तिच्या दहाव्याहून आलोय. आता मला एवढंच सांगा, तो खांब कधी उभा राहणार?’

एरवी समोरच्या बाकांवरून लगेच गलका झाला असता, कुणी तरी राजीनामा मागितला असता. त्या दिवशी कुणाला काय ओरडावं तेच सुचलं नाही. आपली चूक आपणच सांगणाऱ्या माणसाला काय बोलायचं, याचा सभागृहाला सराव नव्हता. मंत्री उठले आणि तपासून घेऊ म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना तारीख विचारली. मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांना विचारलं, अधिकाऱ्यांनी आपापसात विचारलं, आणि शेवटी तीन महिन्यांत सिग्नल आणि पायी चालणाऱ्यांसाठी पट्टे, असं नोंदीवर आलं. पुढचा क्रमांक पुकारला गेला.

परतीच्या वाटेवर खालापूर आलं. ज्योतीरामने गाणी लावायला हात पुढे केला आणि आरशात दोघांचे चेहरे बघून मागे घेतला. मग समाधानने सांगितलं की अर्जाचं मी लपवलं, कागद मीच सीटवर विसरलो, उद्या सकाळी मी राजीनामा देतो. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. सभागृहात ते शुद्ध बोलत, गाडीत त्यांच्या तोंडी गावची भाषा यायची.

‘आमदार मी हाय का तू? राजीनामा द्यायचा तर पयला मला द्यावा लागंल. आन मी काय देणार न्हाई. मग तू कशापायी देतूस?’ थोडा वेळ गेला आणि ते पुन्हा म्हणाले, ‘शनिवारी कुरुळीला जाऊन ये. तू एकटा. मी गेलो की फोटू निघत्यात.’

संध्याकाळी पिंपळे सौदागरच्या लग्नात जो तो मोबाइलवर भाऊंचं भाषण दाखवत होता. नवरीच्या बापाला तर मुलीच्या लग्नापेक्षा आपल्याकडे आलेल्या आमदाराचंच कौतुक झालं होतं. भाऊंच्या वाट्याला इतकी शाबासकी आली की त्यांना ती पचेना आणि ते पाच मिनिटांत निघाले. शुक्रवारी सभागृहाने आणखी एक विधेयक मंजूर केलं. ते कशाचं होतं हे समाधानला आजही सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी तो बसने कुरुळी फाट्यावर उतरला. टपरी पलीकडे होती. इतक्या वर्षांत तो या फाट्यावरून हजारदा गेला होता, पण आमदाराच्या गाडीतून. पायी रस्ता ओलांडायची ही पहिलीच वेळ. तो कडेला उभा राहिला. एक ट्रेलर गेला, मागून दुसरा, मधे टेम्पो, मग मोटारसायकली. एकदा त्याने पाऊल टाकलं आणि हॉर्न ऐकून मागे घेतलं. त्याने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं तो तिथे उभा होता. शेवटी शिफ्टला निघालेल्या बायांचा घोळका आला, त्यांच्या मधे शिरून तो पलीकडे पळाला. त्याचं काळीज धडधडत होतं आणि बाया आपसात डब्यात काय आणलंय त्याच्या गप्पा मारत होत्या.

कस्तुराने टपरी उघडली होती. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने फळीवर बसून चहा मागितला, हातात घेतला, आणि मग आपण कोण ते सांगितलं. चिठ्ठीशिवाय बोलायची समाधानवर वेळ आली की त्याची जीभ अडखळते. तरी त्याने सगळं सांगितलं. अर्ज मीच घेतला होता. पत्र मीच पाठवलं आणि उत्तर मीच फायलीला लावलं. मी एकदा जरी मागे लागलो असतो तर तुमच्या सासूबाई कदाचित आज असत्या. माफी मागण्याइतकंही तोंड मला नाही, पण मागायला आलोय.

कस्तुराने स्टोव्ह बारीक केला. मग त्याच्याकडे नीट पाहिलं.

‘म्हंजे सही करायला लावलेले साहेब तुमीच का?’

समाधानला काही कळेना. मग तिने सांगितलं ते असं. तानुबाई अर्ज घेऊन गेली तेव्हा तिने अंगठा पुढे केला होता. साहेबांनी शाईचा डबा बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. बघून बघून लिहा मावशी, अंगठा लावायचा नाही, म्हणाले. मागे रांग लागली होती तरी थांबले. तिने पाच-सहा वेळा गिरवलं आणि मग अर्जावर सही केली. समाधानला हे आठवत नव्हतं, कारण हे तो सगळ्यांनाच करायला लावायचा. अण्णासाहेबांनी घरात घालून दिलेली शिस्त होती ती. स्वतः अंगठा लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. त्यात लक्षात ठेवण्यासारखं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

कस्तुराने टपरीच्या पत्र्याकडे बोट केलं. आतल्या बाजूने, बरण्यांच्या वर, खडूने एकाखाली एक लिहिलेलं होतं, तानुबाई, तानुबाई, तानुबाई. वरची अक्षरं वाकडी होती, खालची बरीच सरळ झाली होती. रोज सकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी एकदा लिहायच्या, ती म्हणाली. पोरी पुसू देत नाहीत आता.

समाधान ती अक्षरं वाचत राहिला.  कस्तुराने मग पदराने हात पुसले आणि अगदी सहज, समजूत घालावी तशी म्हणाली,

‘आत्या रागावल्या नव्हत्या ओ तुमच्यावर. आमी म्हणायचो, आमदाराच्या माणसाचं काय खरं धरता. तर आमालाच रागवायच्या. म्हणायच्या, ज्यानं सही शिकवली तो करंलच. शेवटपर्यंत वाट बघायल्या होत्या तुमची.’

फळीवर शिफ्टचे पाच-सहा जण चहा पीत होते. त्यांच्या देखत, हातात चहा तसाच धरून, समाधान रडला. बावीस वर्षं उजव्या खिशातल्या चिठ्ठ्या लिहिणारा माणूस, पण त्याला डोळे पुसायचंही सुचेना. त्यातल्या एकाने फळीवर सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली.